साधन कोणाच्या हाती? : शाळेतील सामूहिक शोध, तंत्रसाधने आणि समता

(देवस्थानच्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता शिक्षकांच्या एखाद्या शिबिराला शोभावा असा आहे. देवस्थानच्या मंडपात तो कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु महाजन कुटुंबे आणि शाळा यांचा संबंध जुना आहे. कोणी पूर्वजांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती ठेवतो, कोणी शाळेला खोली बांधून देतो, कोणी गुणवंतांना बक्षिसे देतो. आणि अलीकडे वह्यापुस्तकांच्या जोडीला संगणक देण्याची प्रथाही पडू लागली आहे. देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. तथापि दिलेले साधन शाळेत पोचल्यावर ते कोणाच्या हाती येते, त्याच्या साहाय्याने कोण प्रश्न विचारतो आणि कोण नुसता पाहत बसतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती चौकशी काही शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास वर्षांत प्रत्यक्ष शाळांत जाऊन केली. तिचा वृत्तान्त श्रोत्यांपुढे ठेवणे आणि त्यातून दात्यांना काही बोध घेता येतो का हे पाहणे, एवढाच या व्याख्यानाचा उद्देश आहे.

आरंभी तीन शब्दांचा अर्थ निश्चित करणे बरे. 'सामूहिक शोध' म्हणजे मुलांनी लहान लहान गट करून एखादा प्रश्न हाती घेणे, त्यावर प्रयोग किंवा निरीक्षण करणे, मिळालेली उत्तरे एकमेकांशी ताडून पाहणे आणि निष्कर्ष स्वतः काढणे. 'तंत्रसाधन' म्हणजे केवळ संगणक नव्हे. भिंग, तराजू, फूटपट्टी, परीक्षानळी हीही तंत्रसाधनेच होत. आणि 'समता' म्हणजे प्रत्येकाच्या पदरात सारखी वस्तू पडणे इतकेच नव्हे. त्या वस्तूचा उपयोग करण्याची संधी, वेळ, भाषा आणि धीर प्रत्येकाला लाभणे होय. या तिसऱ्या शब्दाविषयीच सर्वांत अधिक घोटाळा होतो.

उदाहरणादाखल धूळपाटीच घ्यावी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील देवळांच्या आवारांत आणि घरांच्या ओसऱ्यांवर शेणैमामांच्या मराठी शाळा भरत. लाकडी फळीवर धूळ पसरायची, तीवर बोटाने वा काडीने अक्षर काढायचे, पुसायचे आणि पुन्हा काढायचे. याहून स्वस्त साधन शोधून सापडणार नाही. त्या धूळपाटीने मराठी जिवंत ठेवली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्याबरोबर हेही मान्य केले पाहिजे की गावातील प्रत्येक मूल त्या फळीसमोर बसले नाही. धूळ सर्वांची होती. ओसरी सर्वांची नव्हती. बहुतेक मुली आणि ओसरीची पायरी चढण्याची ज्यांना मुभा नव्हती अशा जातींची मुले बाहेरच राहिली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेही नवे साधन नव्हते. त्यांनी दार तेवढे उघडले. साधन स्वस्त झाले म्हणजे समता आपोआप येते, ही समजूत किती भाबडी आहे हे यावरून ध्यानी यावे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा विचार राष्ट्रीय पातळीवर झाला. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे मराठी शिक्षणतज्ज्ञ होते. श्रीमंत आणि गरीब यांची मुले एकाच परिसरातील शाळेत एकत्र शिकावीत, हा समान शाळेचा विचार त्या अहवालात आग्रहाने मांडला गेला. पुढे १९७५ साली नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तिहींच्या त्रिकोणावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तिन्ही टोके एकदम हाती येणे किती कठीण, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. परंतु अहवालाने तत्त्व सांगता येते. ते वर्गात उतरते किंवा नाही हे शिक्षकालाच पडताळून पाहावे लागते.

तशी पडताळणी ज्या ठिकाणी दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर झाली ते ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्हा, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात. या प्रयोगाचे एक मूळ मात्र मुंबईत होते. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने साठीच्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकविण्याचा एक उपक्रम आखला होता आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत तो करून पाहिला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांचाही त्याला हातभार लागला होता. त्याच संस्थेतील जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी संशोधनाची नोकरी सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती ही संस्था उभी केली. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या अनुमतीने १९७२ साली जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानशिक्षणाचा नवा क्रम सुरू केला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. निवडक विद्यार्थ्यांची निराळी शाळा काढून तेथे हा प्रयोग केला असता तर तो सोपा झाला असता. प्रवर्तकांनी तसे केले नाही. गळके छप्पर, भरगच्च वर्ग, तुटपुंजे अनुदान आणि बदलीच्या धास्तीत असलेले शिक्षक अशी जी सर्वसाधारण सरकारी शाळा, तीच त्यांनी प्रयोगशाळा मानली. जी पद्धत अशा शाळेत चालणार नाही ती देशाच्या उपयोगाची नाही, ही त्यामागची भूमिका होती.

वर्गात मुलांच्या चार-चार जणांच्या टोळ्या केल्या जात. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकात प्रयोग कसा करावा ते सांगितलेले असे. उत्तर मात्र छापलेले नसे. ते टोळीने प्रयोग करून मिळवायचे आणि आपापल्या वहीत लिहायचे. एकच लांबी चार टोळ्यांनी मोजली आणि चार आकडे निघाले, तर त्यांतला खरा कोणता हे गुरुजी सांगत नसत. आकडे वेगळे का आले याचा शोध वर्गाने मिळून घ्यायचा असे. मोजमापात थोडी तफावत राहतेच, ती कशी ओळखावी आणि सरासरी कशासाठी काढावी, हे बारा वर्षांच्या मुलाला अशा रीतीने कळत असे. पिकांवरील किडी, माती, पाने, बिया हे सारे विषय गावच्या शिवारातून गोळा करावे लागत. त्यासाठी परिभ्रमणाचे तास असत.

साधनांची पेटी हा या योजनेचा कणा होता. परंतु पेटी म्हणजे परदेशी काचसामान नव्हे. दवाखान्यात रिकाम्या झालेल्या इंजेक्शनच्या बाटल्या, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, बाभळीचे काटे असल्या वस्तूंना तीत मानाचे स्थान होते. फुलाचे भाग उकलून पाहायला बाभळीचा काटा सुईइतकाच कामाला येतो आणि मोडला तर रडावे लागत नाही. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी. कानपूरचे अभियंता. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन ते १९७८ साली येथे आले. व्हॉल्वच्या नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची युक्ती याच काळातली. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बनविलेली खेळणी हजारो मराठी मुलांच्या हाती पोचली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला.

साधन स्वस्त असावे यामागे पैशाची बचत हे एकच कारण नव्हते. महागडे उपकरण कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागते, आणि वर्षातून एकदा निरीक्षक आले म्हणजे एखादा 'हुशार' मुलगा ते सर्वांना दाखवितो. हा हुशार मुलगा बहुधा कोणाच्या घरचा असतो, हे श्रोत्यांना सांगावयास नको. फुटले तरी हरकत नाही असे साधन असले तरच ते भित्र्या मुलाच्या, गरीब मुलाच्या आणि मागच्या बाकावरील मुलीच्या हाती निर्धास्तपणे देता येते. अशा साधनात समता आधीच घडवून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट ज्ञानाच्या मानाची. पाठांतराच्या शाळेत ज्याच्या घरी पुस्तके त्याला आरंभीच आघाडी मिळते. परंतु पिकावरील कीड कोणत्या महिन्यात पडते, ती पानाच्या कोणत्या अंगाला अंडी घालते, हा प्रश्न निघाला म्हणजे शेतमजुराच्या मुलाला सावकाराच्या मुलापेक्षा अधिक ठाऊक असते. टोळीत बसल्यावर त्याचे बोलणे इतरांना ऐकावे लागते. शाळेने त्याच्यापाशी असलेली माहिती ज्ञान म्हणून स्वीकारली, हा त्याच्या आयुष्यातील केवढा मोठा फरक! सामूहिक शोधाचा समतेशी जो खरा संबंध आहे तो येथे आहे.

या पद्धतीची परीक्षाही तिला साजेशी होती. पुस्तक आणि वही जवळ ठेवून उत्तरे लिहिण्यास मुभा असे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा घेतली जाई. प्रश्नपत्रिका काढण्यात शिक्षक स्वतः सहभागी होत. मुलांच्या मनातल्या शंकांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. खेड्यापाड्यांतील मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच सूत्र होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची प्रशिक्षणे होत. तेथे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक, टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि खेड्यातील गुरुजी एकत्र बसून मुलांचेच प्रयोग करीत. वर्षभर दर महिन्याला शाळांच्या गटाची बैठक भरे. कोणता प्रयोग फसला, कोणता प्रश्न मुलांना समजला नाही, पेटीतील कोणती वस्तू निकामी ठरली, हे तेथे मोकळेपणाने बोलले जाई आणि त्यानुसार पुस्तकाचे पाठ पुन्हा लिहिले जात. प्रयोग मुलांवर चालला होता असे म्हणण्यापेक्षा मोठ्या माणसांच्या कल्पनांची परीक्षा वर्गात चालली होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

१९७८ साली हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली आणि माळव्यासह इतर जिल्ह्यांतील काही शाळांतही तो पोचला. तीस वर्षे तो चालला आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला.

तो का बंद पडला, हे श्रोत्यांनी काळजीपूर्वक ऐकावे. कारण बंद करणाऱ्यांच्या तोंडीही समतेचाच शब्द होता. साऱ्या राज्यात एक पुस्तक आणि एक परीक्षा असताना याच जिल्ह्यांतील मुलांना वेगळे पुस्तक का, असा तो युक्तिवाद होता. आपली मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतील, ही अनेक पालकांची भीती होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याच्यापाशी एकच नाव असते तो तिच्यावर प्रयोग करू देण्यास कचरतो. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निर्णयाविरुद्ध आवाज उठविला, पण निर्णय फिरला नाही. येथे समतेचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकले. एक अर्थ असा की सर्वांना तेच पुस्तक द्यावे. दुसरा असा की प्रत्येकाला विचार करण्याची सारखी संधी द्यावी. पहिला अर्थ समजावयास सोपा आणि हुकमाने अमलात आणण्यासारखा असल्यामुळे त्याचा जय झाला. वर्गातील पद्धत बदलली तरी वरच्या इयत्तांची परीक्षा आणि समाजाची अपेक्षा जुनीच राहिली, तर चांगला प्रयोगही एकाकी पडतो, हा त्यातील धडा आहे. मात्र ते काम वाया गेले असे नव्हे. मुलाने स्वतः करून शिकावे या तत्त्वाला २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मानाचे स्थान मिळाले. आणि त्या आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्राध्यापक यशपाल हे होशंगाबादच्या कामाचे जुने हितचिंतक होते.

भाषेचा प्रश्नही विसरून चालणार नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम करताना असे पाहिले की अनेकदा मुलांना विज्ञान कठीण जात नाही, विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी कठीण जाते. ज्या घरात ग्रांथिक भाषा बोलली जात नाही त्या घरच्या मुलाला तीच पहिली भिंत होते. या केंद्राने मुंबईतील महापालिका शाळांच्या वंचित विद्यार्थ्यांसाठीही उपक्रम केले आणि योग्य साहाय्य मिळाले तर ही मुले मागे राहत नाहीत हे दाखवून दिले.

येथवर भिंगाची आणि तराजूची कथा झाली. आता संगणकाकडे वळणे प्राप्त आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे एन.आय.आय.टी. कंपनीचे सुगत मित्र यांनी कार्यालय आणि झोपडवस्ती यांच्या मधल्या भिंतीत एक संगणक बसविला आणि तो वस्तीच्या बाजूला खुला ठेवला. कोणी शिकवावयास नाही, काही सूचना नाहीत. थोड्याच काळात मुले एकमेकांचे पाहून तो चालवू लागली. मुले गटाने, स्वतःच्या कुतूहलाने शिकू शकतात ही गोष्ट त्यातून साऱ्या जगापुढे आली, आणि ती मोलाची होती.

असेच संगणक पुढे अनेक ठिकाणी बसविले गेले आणि त्यांत गोव्याच्या सीमेला लागून असलेला सिंधुदुर्ग जिल्हाही होता. तेथील गावांतील मुलांविषयी परिमला इनामदार आणि अरुण कुलकर्णी यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. जी मुले वारंवार संगणकावर येत त्यांची गणितातील प्रगती इतरांहून सरस दिसली. परंतु इंग्रजी आणि विज्ञान या विषयांत तसा फरक आढळला नाही. दिल्लीतील संगणक पाहून अमेरिकन अभ्यासक मार्क वॉर्शाउअर यांनी नोंदविले की मुलांचा बराच वेळ चित्रे रंगविण्यात आणि खेळांत जातो आणि त्यांच्या हिंदी भाषेत तेथे फारसे काहीच नाही. उत्तराखंडात अल्मोडा आणि हवालबाग येथे गेलेल्या पायल अरोरा यांना तर ती केंद्रे बंद पडलेली दिसली. त्यांचा अभ्यास २०१० सालचा आहे.

या साऱ्याचा मथितार्थ काय? मुलांत कुतूहल आहे, सहकार्यही आहे. परंतु कोणतीही मर्यादा न घालता एकच साधन उघड्यावर ठेवले तर त्यावर पहिला हात धटिंगणाचा पडतो. लहान मूल मागे राहते, आणि संध्याकाळी घरकामाला जुंपलेली मुलगी तेथे पोचतच नाही. गटाला न्याय शिकवावा लागतो, आणि ते शिकविणारा कोणी जाणता माणूस तेथे लागतोच.

दुसऱ्या टोकाचा उपाय म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक. अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली ही कल्पना जगापुढे मांडली. रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावच्या शाळेतही २००७ साली ते छोटे हिरवे संगणक आले होते. परंतु दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा जो काटेकोर अभ्यास झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या गणितावर किंवा भाषेवर या संगणकांचा सुपरिणाम दिसून आला नाही. यंत्रे पोचली होती. शिक्षकाचे शिकविणे होते तेथेच राहिले होते.

या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग काही शिक्षणतज्ज्ञांनी २०१५ पासून चोखाळून पाहिला. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि अमेरिकेतील एम.आय.टी. यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरम या राज्यांतील सरकारी माध्यमिक शाळांत 'क्लिक्स' हा उपक्रम हाती घेतला. होमी भाभा केंद्र आणि एकलव्य या संस्थाही त्यात सहभागी होत्या. म्हणजे होशंगाबादचा धागा येथवर आला. यात एका संगणकापुढे दोन किंवा तीन मुले मुद्दाम एकत्र बसविली जात. यंत्रे अपुरी होती हे एक कारण खरे, पण तेवढेच नव्हे. एकाने कळ दाबायची, दुसऱ्याने 'असे का?' म्हणून अडवायचे, आणि दोघांनी बोलून उत्तर ठरवायचे, अशीच पाठांची रचना होती. शिक्षकांचे गट मोबाइलवरून परस्परांशी संपर्क ठेवीत आणि आपल्या वर्गातील अडचणी एकमेकांना सांगत. वीज नाही, संगणककक्षाला कुलूप आहे, यंत्र नादुरुस्त आहे, या जुन्या अडचणी तेथेही होत्याच.

करोनाच्या साथीने २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हा प्रश्न प्रत्येक घरात शिरला. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० साली हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेले. आकडा वाढला हे खरे. पण घरी फोन असणे आणि तो मुलीच्या हाती येणे यांत अंतर आहे. २०२३ सालच्या याच मालेतील अहवालाने चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण युवकयुवतींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांजवळ स्वतःचा फोन होता. मुलींजवळ केवळ १९.८ टक्के. एकाच छपराखाली भाऊ आणि बहीण यांच्यात ही दरी आहे. ती कोणत्याही सरकारी वाटपाने बुजणार नाही. ती घरच्या वडीलधाऱ्यांनीच बुजवावयाची आहे.

गोव्यापुरते पाहिले तरी हा विषय दूरचा नाही. २०२१ साली राज्य सरकारने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकाची आज्ञावली आणि यंत्रमानव यांचे शिक्षण देणारी योजना सुरू केली. साधने येत आहेत. त्यांच्याभोवती बसून मुले कोणता प्रश्न सोडविणार, हे ठरविणे अद्याप शाळांच्या आणि समाजाच्या हाती आहे. आणि तसे प्रश्न गावातच पडलेले आहेत. खाजन शेतीच्या मानशीच्या दोन्ही अंगांना पाण्याचा खारटपणा किती, तो पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कसा बदलतो? गावातील विहिरींची पातळी कोणत्या महिन्यात खाली जाते? देवराईत कोणती झाडे आहेत, बाहेर कोणती उरली नाहीत? हे मोजण्यास साधी साधने पुरतात, आणि मोजलेले मांडण्यास संगणक उत्तम. महाजनाचा मुलगा, मुंडकाराची मुलगी आणि कामासाठी परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल अशा टोळीने हा शोध घेतला, तर मानशीचे दार कधी उघडते आणि कधी मिटते हे कदाचित मुंडकाराच्या मुलीलाच प्रथम सांगता येईल. त्या क्षणी वर्गातील मानाची उतरंड थोडी हलेल. ती हलू देण्याची तयारी आहे किंवा नाही, हाच सुस्थित कुटुंबांपुढील खरा प्रश्न आहे.

म्हणून दात्यांनी देणगी देताना चार गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिली, दिलेले साधन कुलपात राहणार की मुलांच्या हाती जाणार; ते मोडल्यास शिक्षकाला जाब द्यावा लागणार का? दुसरी, मुलींसाठी आणि ज्यांच्या घरी साधन नाही अशांसाठी ठराविक वेळ राखून ठेवला आहे का? तिसरी, यंत्राच्या किमतीबरोबर दुरुस्तीची आणि शिक्षकांच्या मासिक बैठकीची तरतूद केली आहे का? होशंगाबादचा प्रयोग तीस वर्षे टिकला यात त्या बैठकांचा वाटा फार मोठा होता. चौथी, त्या साधनाने मुले दुसऱ्याचे उत्तर उतरवून घेणार की स्वतःचा प्रश्न विचारणार? पहिल्या येणाऱ्या एका विद्यार्थ्याला संगणक बक्षीस देणे गैर नाही. परंतु त्याच पैशात देवस्थानच्या एखाद्या खोलीत गावातील सर्व मुलांसाठी, सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी, एक सामाईक शोधवर्ग चालू शकेल. त्यात भिंगे असावीत, तराजू असावा, पर्जन्यमापक असावा, दोनतीन संगणक असावेत आणि आठवड्यातून काही तास देणारा एक आस्थेवाईक शिक्षक असावा. त्याच्या कामाचा हिशेब दरवर्षी महाजनांच्या सभेत वाचला जावा. आणि त्यात किती यंत्रे घेतली याबरोबर किती मुली आल्या, किती मुले टिकली आणि मुलांनी कोणते प्रश्न शोधले, हेही लिहिलेले असावे.

अशा वर्गातून फार मोठे शास्त्रज्ञ निपजतीलच असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु गावातील दहा-बारा वर्षांची मुले एका चटईवर बसून, एकच भिंग हातोहात फिरवीत, 'तुला काय दिसले?' असे एकमेकांना विचारतील, आणि दुसऱ्याला जे दिसले ते खरे असू शकते हे मानावयास शिकतील. विज्ञानाचा आणि सामाजिक जीवनाचा आरंभ तेथूनच होतो.